कुंभारकन्येच्या गावात

"अजून चाकावर कशाला बसता?" असं कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असतं. मला माती आवडते. ऐकणारा मान डोलावतो आणि विषय तिथंच संपतो. अलीकडे मात्र हे उत्तर देताना जीभ अडखळते. उत्तर खोटं नाही. ते पुरतं खरं आहे का, हे मात्र मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आता वय असं आलंय की विचारल्याशिवाय राहवत नाही.

आवडतं म्हणजे नेमकं काय, तिथून सुरुवात करतो. सोलापूरची जमीन काळी, बसाल्टच्या खडकापासून झालेली. शेतकऱ्याला ती ज्वारी देते, तूर देते. कुंभाराला ती जशीच्या तशी चालत नाही. पाणी पिऊन फुगते आणि वाळताना इतकी आकसते की सावलीत ठेवलेलं भांडंही काठापासून चिरत जातं. म्हणून आम्ही तळ्याच्या पोटातला गाळ शोधतो. वर्षानुवर्षं पाण्याखाली बसून तो बारीक झालेला असतो. त्यात चाळलेली राख मिसळायची, लीद मिसळायची, मोठं भांडं असेल तर थोडी वाळू. कशात काय किती, याचं माप कुठं लिहिलेलं नाही. मातीची करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळायची. चिरली तर अजून मुरायला हवी, नाही चिरली तर माती तयार. एवढं साधं पाहणं, पण त्यात मन असं गुंतून जातं की जेवायची हाक ऐकू येत नाही.

मग चाक. गोळा मधोमध बसेपर्यंत हात हिसकत राहतात. एकदा तो आसावर आला की सगळा हिसका थांबतो आणि हाताखाली चाक फिरतंय की स्थिर आहे हेही कळेनासं होतं. त्या क्षणासाठी मी जन्मभर चाकाकडे जात आलोय. आतल्या हाताची बोटं आणि बाहेरच्या हाताची बोटं यांच्यामध्ये मातीची भिंत वर चढत जाते. पाणी कमी पडलं तर ती ओढली जाते, जास्त झालं तर खाली बसते. त्या वेळी डोक्यात देणीघेणी नसतात, पाहुणेरावळे नसतात, माझं नावही नसतं. लोकांना वाटतं अख्खा माठ चाकावरच होतो. चाकावर होतो तो त्याचा काठ, गळा आणि खांदा. खालचा भाग जाडच ठेवतात. तो थोडा वाळल्यावर आतून गोटा धरायचा आणि बाहेरून थापटण्यानं ठोकत ठोकत भांडं फुगवायचं, भिंत पातळ करायची. कच्चं ठोकलं तर दबतं, उशिरा ठोकलं तर तडकतं. पाऊस असला की ती वेळ पुढं जाते, मे महिन्यात तासाभरात निघून जाते.

मिसळलेली लीद आव्यात, म्हणजे भट्टीत, जळून जाते आणि तिच्या जागी सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं राहतात. त्यातून पाणी पाझरतं, वाऱ्यानं उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. बेचाळीस अंशांच्या दुपारी एखादा हमाल पाणपोईवर ओंजळ धरतो आणि डोळे मिटून पाणी पितो, तेव्हा मला जे वाटतं त्याला समाधान हा शब्द थिटा पडतो. आणि आव्याचं एक सत्य मला अजून दबकायला लावतं. साधारण सहाशे अंशांच्या पुढं मातीच्या कणांत बांधलेलं पाणीसुद्धा निघून जातं. त्यानंतर ती कितीही भिजवली तरी पुन्हा माती होत नाही. कच्चं मडकं मोडलं तर पाण्यात टाकून दुसरं करता येतं. भाजलेलं मडकं फुटलं तर खापर होतं, आणि ते खापर माझ्या नातवंडांच्या नातवंडांनंतरही तसंच राहणार.

हे पुस्तकातलं ज्ञान नाही, तेरला जाऊन डोळ्यांनी पाहता येतं. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणेकाठचं तेर म्हणजे जुनं तगर. सातवाहनांच्या काळात इथला माल भडोचच्या बंदरावर उतरून रोमपर्यंत जायचा. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचं नाव आहे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केलेल्या वस्तूंचं संग्रहालय गावात आहे. त्यात भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत, पांढऱ्या मातीच्या साच्यातल्या बाहुल्या आहेत, भांडी आहेत. तिथं उभं राहिल्यावर मला भरून येतं. कामाची प्रेरणा म्हणतात ती मला देवळापेक्षा तिथं जास्त मिळाली. बाहुलीच्या केसांचा अंबाडा, कानातली जड कर्णफुलं, सगळं दीड-दोन हजार वर्षं शाबूत. कुणी केलं ते मात्र कुठंच लिहिलेलं नाही. पूर्वी मी ते पाहून म्हणायचो, बघा, आपल्या लोकांनी नावाची हाव धरली नाही. आता तसं म्हणवत नाही. नाव सोडणं आणि नाव विचारलंच न जाणं यांत फार अंतर आहे.

तेर म्हटलं की गोरोबाकाका आलेच. कुंभाराच्या घरात जन्मलेल्याला गोरा कुंभार हे घरचं माणूस वाटतं. नामदेव-ज्ञानेश्वरांच्या मेळ्यात सगळे त्यांना काका म्हणत, थापटणं घेऊन संतांची डोकी पक्की की कच्ची ते त्यांनी तपासलं, १३१७ साली तेरलाच समाधी घेतली, हे सगळं आम्हाला अक्षरओळख व्हायच्या आधी पाठ होतं. आणि ती दुसरी कथाही. बायको तान्हं बाळ अंगणात ठेवून पाण्याला गेली. गोरोबा विठ्ठलाच्या नामात चिखल तुडवत होते. बाळ रांगत आळ्यात आलं आणि पायाखाली गेलं. त्यांना कळलंच नाही.

कीर्तनात ही कथा तल्लीनतेचं टोक म्हणून सांगतात, आणि कथा भक्तीचीच आहे याबद्दल मला शंका नाही. पण माझे पाय त्या आळ्यातून फिरलेले आहेत. पोटऱ्यांपर्यंत गार चिखल, तोच तोच फेरा, हळूहळू सुटत जाणारं भान. ते सुख मला ठाऊक आहे. म्हणून ही कथा ऐकताना माझं लक्ष गोरोबांवरून निघून पाण्याला गेलेल्या बाईकडे जातं. माती भिजवायला, घर चालवायला पाणी लागतं म्हणून ती गेली होती. तिनं कळशी कुठं ठेवली? परत आल्यावर ती काय बोलली? पंढरपूरला पांडुरंगानं बाळ परत दिलं म्हणून कथा पुढं जाते. माझ्यासारख्या साध्या माणसाला असला पांडुरंग मागे उभा नसतो. मी भान हरपून काम करतो तेव्हा भान ठेवायचं काम घरात दुसरं कुणीतरी करत असतं, एवढंच त्यातून मला दिसतं.

ते दुसरं कुणीतरी कोण, हे मला नेमकं सांगता येतं. आईनं आयुष्यभर ढेकळं फोडली. लाकडी दांडक्यानं ठोकायची, चाळायची, खडे वेचायची, भिजत घालायची. लीद गोळा करून वाळवायची, चुरून चाळायची. त्या धुळीनं तिचा खोकला कधी गेला नाही. माती तुडवायला ती, कच्ची भांडी उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात हलवायला ती, काव लावायला ती. आवा रचताना वडील पुढं असत. तो पेटल्यावर रात्रभर धुरात बसून कुठं भगदाड पडलं, कुठं गोवऱ्या कमी पडल्या हे बघायची तीच. सकाळी राखेतून निवडलेल्या घागरी पाटीत घेऊन सोलापुरातल्या मधल्या मारुतीजवळ दिवसभर उन्हात बसायची तीही तीच. तिच्यानंतर माझी बायको हेच सगळं करत आली. चाकावर मात्र आई कधी बसली नाही. माझी बायकोही नाही.

यामागं कारणं सांगितली जायची. चाक म्हणजे महादेवाचं देणं. शिव-पार्वतीच्या लग्नात घट हवा होता, म्हणून पहिला कुंभार जन्माला आला, असं आमच्यात सांगतात. त्या चाकाला बाईनं हात लावू नये. हे पटलं नाही तर दुसरं कारण असायचं. चाक जड, दांडा घालून जोरानं फिरवावं लागतं, ते बाईचं काम नाही. मला या कारणांचा कधी राग आला नाही, कारण ती माझ्या सोयीची होती. पुढं विजेचं चाक घरात आलं. बटण दाबलं की फिरतं, दांडा नाही, जोर नाही. जडपणाचं कारण त्या दिवशीच संपायला हवं होतं. पण त्याचा उच्चारही घरात कुणी केला नाही. चाक बदललं आणि बैठक तीच राहिली.

जगात सगळीकडे असं आहे असंही नाही. मणिपूरमधल्या आंद्रो गावात मडकी बायकाच घडवतात, चाकाशिवाय, स्वतःच भांड्याभोवती फिरत. नायजेरियातल्या लाडी क्वाली यांनी लहानपणी घरातल्या बाईकडून हातानं रांजण घडवायची कला घेतली, आणि आज त्यांचं चित्र त्या देशाच्या वीस नायराच्या नोटेवर आहे. मातीचं भांडं करणं हे मुळात पुरुषाचंच काम आहे असं मातीत काहीच नाही. आपल्याकडे जिथं चाक आलं, तिथं पुरुष त्याच्यासमोर बसला आणि उठला नाही. आपल्याकडच्या निर्मला पटवर्धन यांनी भट्टीचं आणि झिलईचं शास्त्र शिकून कुंभारकामावर जाडजूड पुस्तक लिहिलं. ते इंग्रजीत आहे, शहरातल्या स्टुडिओंमध्ये पोहोचलं. कुंभार वेशीत ते कुणाच्या घरी मी पाहिलेलं नाही.

आणि मी राहतो त्या गावात हा प्रश्न दरवर्षी डोळ्यांसमोर येतो. सोलापूर हे सिद्धरामेश्वरांचं गाव, बाराव्या शतकातलं सोन्नलगी. हजारोंना हाताशी धरून त्यांनी इथलं तळं खोदलं, गावाभोवती ६८ लिंगं स्थापली. त्यांच्यावर एका कुंभाराच्या मुलीचा जीव जडला. ती रोज त्यांच्या अंगणात सडा-रांगोळी करायची. सिद्धराम योगी, लग्न करणार नव्हते. तिचा हट्ट सुटेना तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिला लग्न लावू दिलं, अशी कथा. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर हेच लग्न लागतं. सात नंदीध्वज उभे राहतात, पांढऱ्या बाराबंदीतल्या हजारो माणसांच्या हातून अक्षता पडतात. दुसऱ्या दिवशी संक्रांतीला होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला साडी नेसवतात, मणी-मंगळसूत्र घालतात आणि अग्नी देतात. ती कुंभारकन्या.

मी या यात्रेत लहानाचा मोठा झालो. मीही बाराबंदी घालतो, नंदीध्वज जाताना हात जोडतो आणि माझ्या अंगावर काटा येतो. लाखो लोकांच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला माझ्याबद्दल म्हणायचंय. ज्या मुलीच्या लग्नाला अख्खं शहर लोटतं ती आमच्या घरची आहे, हा अभिमान मी पोरपणापासून मिरवला. तिचं नाव काय, हे मात्र मला कधी विचारावंसं वाटलं नाही. माझ्या भोवती सगळे तिला कुंभारकन्या म्हणतात, कुंभाराची मुलगी. तिनं बापाबरोबर माती तुडवली असेल का? तिला काय घडवता येत होतं? कथेत ती झाडते, रांगोळी काढते, लग्न करते आणि जळते. तिच्या हातात मातीचा गोळा कथेनं कधी दिला नाही. मीही नाही.

त्याच संक्रांतीच्या सकाळी घरोघरी सुगडं पुजली जातात. ऊस, बोरं, हरभरा, गाजर, ज्वारीचं कणीस घालून बायका बायकांना वाण देतात. आमच्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग त्या चार-पाच दिवसांत येतो. सुगडं चाकावर मी काढतो. बाकीचं तुम्हाला आता माहीत आहे.

मग मातीवरच्या माझ्या प्रेमाचं काय? मी बराच काळ याच गाठीशी बसून आहे. एक मन म्हणतं, असलं प्रेम ढोंग आहे. ते मला खरं वाटत नाही. चाकावरचा तो क्षण मी खोटा म्हणू शकत नाही, म्हटला तर माझ्याजवळ काही उरणार नाही. दुसरं मन म्हणतं, पूर्वीपासून असंच चालत आलंय, प्रत्येकानं आपला वाटा उचलला. तेही मान्य होत नाही, कारण वाटे सारखे नव्हते. श्रम सगळ्यांनी केले. त्यातला जो भाग सुखाचा होता, जिथं माणूस स्वतःला विसरतो आणि ज्याच्या शेवटी वस्तू उभी राहते, तो एकाच बैठकीवर आला. त्या बैठकीवर मी होतो. प्रदर्शनात फोटो निघतात ते माझ्या हातांचे. कुंड्यांच्या बुडाशी काडीनं कोरलेली अक्षरं माझ्या नावाची. एकदा एका विद्यार्थिनीनं माझ्या बायकोला विचारलं, "तुम्हाला पण माती आवडते का?" बायको हातातल्या पाटीसकट थांबली आणि हसली. असा प्रश्न तिला कुणी विचारू शकतं, हेच तिच्यासाठी नवं होतं. त्या क्षणी मला कळलं की एवढ्या वर्षांच्या संसारात तो मीही विचारला नव्हता.

याच भूमीत वेगळं झालेलंही आहे, म्हणून माझ्याजवळ सबब नाही. सिद्धरामांच्या शरणपरंपरेत, म्हणजे शिवभक्त संतांच्या मेळ्यात, भालकीचा कुंभार गुंडय्या आहे. भालकी आता कर्नाटकात, बीदर जिल्ह्यात, इथून फार लांब नाही. गुंडय्याची बायको केतलदेवी वचनकार होती. तिच्या नावावर वचनं अगदी थोडी आहेत. त्यांतल्या एका वचनात ती नीट मुरवलेल्या मातीवाचून मडकं होत नाही, इथून सुरुवात करते. माती मुरवणं म्हणजे माझी आई करायची तेच काम. आठशे वर्षांपूर्वी ते काम करणारी एक बाई त्या कामातून बोलली आणि लोकांनी ते जपलं. शरणांनी कायक मानलं, म्हणजे हातचं काम हीच पूजा. ढेकळं फोडणं कायक नाही असं त्यांनी कुठं म्हटलेलं नाही. मी मात्र माझी पूजा चाकापुरतीच मांडली.

मुलगी औषधनिर्माणशास्त्राची पदविका करते आहे. तिला मातीत यायचं नाही आणि मी आग्रह धरत नाही. लहानपणी ती बेंदराचे बैल फार सुरेख करायची, शिंगांना बाक द्यायची, वशिंडावर झूल कोरायची. तेव्हा तिला चाकावर बसवलं असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर आता मिळणार नाही. मोठ्या मुलाला मी बसवलं होतं. तो पुण्यात गाडी चालवतो.

हे सगळं मनात घोळत असताना विश्वकर्मा योजनेचा अर्ज घरात आला. २०२३च्या सप्टेंबरात सुरू झालेली ही केंद्राची योजना. अठरा पारंपरिक व्यवसायांत कुंभार आहे. ओळखपत्र, प्रशिक्षणाच्या दिवसांत रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि बिनतारणाचं कर्ज, आधी १ लाख, मग २ लाख, ५ टक्के व्याजानं. अट अशी की एका कुटुंबातून एकालाच. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एक कुटुंब. अर्जात व्यवसायाच्या रकान्यात 'कुंभार' लिहायचं आणि समोर एकच नाव.

मी लेखणी घेऊन बसलो आणि थांबलो. बायकोला म्हटलं, तुझ्या नावानं भरू. चाक मिळेल, तू शिक, मी शिकवतो. मला वाटलं होतं ती लाजेल, नाहीतर नको म्हणेल.

ती म्हणाली, "चाक आहे की घरात. दुसरं कशाला? मला आव्याला शेड पाहिजे. वर पत्रा अन् नीट धुराडं. रात्रभर धूर कुणाच्या डोळ्यांत जातुय, ठाव आहे का?"

मी चाकाचा हिशेब घेऊन तिच्याकडे गेलो होतो. तिचा हिशेब धुराचा होता. माझ्या पश्चात्तापालाही चाकापलीकडचं दिसलं नव्हतं, हे ऐकून मी गप्प बसलो. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "अर्ज माझ्या नावानं भरा. प्रशिक्षणाला मी जाते. तिथं चाकावर बसवलं तर बसेन."

तर अर्ज तिच्या नावानं गेला आहे. १५,००० अवजारांचेच आहेत, त्यातून शेड होणार नाही, म्हणून शेडचा खर्च पहिल्या कर्जातून बसतो का ते विचारायला दोघांनी मिळून बँकेत जायचं आहे. तोवर मी मापं घेतली. आव्याची गोल जागा, वाऱ्याची बाजू, पत्र्याची उंची. पश्चिमेची भिंत दीड वीत वाढवावी लागेल, नाहीतर पावसाळ्याआधीच्या वावटळीत धूर परत अंगणात येतो. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. तिनं सांगितली.